न मरणाऱ्या बाईचा आवाज

निपाणीपासून खानापूरपर्यंत कुठल्याही बाजारपेठेत तुम्ही कधी पिशवी घेऊन उभे राहिला असाल, तर तुम्ही मला ऐकलंय. पाहिलं नसेल, आणि त्यात तुमचं फारसं नुकसानही नाही. "या, या, या, शेवटचे दोन दिवस, शेवटचे दोन दिवस" करत रिक्षा जाते ना, तिच्या टपावरच्या भोंग्यातली बाई म्हणजे मी, शालन. बेळगावात लहानथोर सगळे शालनआक्का म्हणतात. साड्यांचा सेल, कुस्त्यांचं मैदान, यात्रेतलं नाटक, उद्या नळाला पाणी येणार नाही, अमक्याची म्हैस चुकली आहे, हे सगळं तीस वर्षं या मुलखाला माझ्या तोंडून कळत आलंय. एकदा मराठीत आणि एकदा कन्नडात. मी स्टुडिओत बोलून ठेवते आणि रिक्षा ते दिवसभर वाजवत फिरते.

"दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाविषयी लिहा," असा फोन आला तेव्हा मी विचारलं, कुठल्या कामाविषयी? कारण अलीकडे मी एका जपानी बाईचंही काम करते. ती हजार वर्षांची आहे, दिसते अठराची, कधी मरत नाही आणि कधी मनातलं बोलत नाही. संपादक म्हणाले, "तेच लिहा."

पण आधी रिक्षाचा धंदा समजून घ्या, नाहीतर पुढची माझी फजिती तुम्हाला कळायची नाही. रिक्षा उभी नसते, चालत असते. कोपऱ्यावरच्या माणसाला वाक्याचा पहिला तुकडा ऐकू येतो आणि पुढच्या दुकानातल्या माणसाला दुसरा. म्हणून प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची. ठिकाण सारखं सारखं सांगायचं. आवाज खाली आणायचा नाही, कारण खाली ट्रॅक्टर असतो, बस असते, कुत्री असतात. आणि आवाजात हसू ठेवायचं, मग बातमी म्हशीची का असेना. समोर दिसेल त्याला दादा, ताई, मावशी, आण्णा करून जवळचं करून टाकायचं. परक्या आवाजाला कुणी थांबत नाही.

म्हशीवरून आठवलं. कंग्राळीचे एक गृहस्थ आले होते, म्हैस चुकली म्हणून. वर्णन लिहून आणलं होतं: रंग काळा, शिंगं दोन. मी म्हटलं, "दादा, म्हशी सगळ्याच काळ्या असतात. काहीतरी खूण सांगा." गृहस्थांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "आक्का, आमची जरा रुसकी हाय." आता मला गप्प बसवतंय का? मी माईकवर त्या म्हशीचं रुसणं असं काही रंगवलं, की ऐकणाऱ्याला तिला जाऊन समजवावंसं वाटावं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात आसपासच्या गावांतल्या रुसलेल्या म्हशींची रांग लागली. त्यांची स्वतःची तोवर आपली आपण गोठ्यात येऊन उभी राहिली होती.

निवडणुकीत तर आणखी मजा. एका वॉर्डातले दोन्ही उमेदवार माझ्याकडंच आले. आवाज विकायचा म्हटल्यावर मी दोघांचंही म्हटलं. निपाणीच्या एका चौकात दोन रिक्षा समोरासमोर आल्या आणि मी माझ्यावरच तुटून पडले. एका भोंग्यातून मी विचारत होते, पाच वर्षं कुठे होता? दुसऱ्या भोंग्यातून मीच सांगत होते, तुमच्यातच होतो. लोक वडापाव हातात धरून उभे राहिले. एका उमेदवाराचे मेहुणे रागारागानं स्टुडिओत आले आणि मालकाला म्हणाले, "तुमची बाई आमच्यावर टीका करायलीय." आमचे मालक शांतपणे म्हणाले, "ती सकाळची टीका री. दुपारी तुमच्याकडनं पण केलीय की, ऐकला न्हाय काय?"

हे मालक म्हणजे बसूअण्णा. घरात कन्नड, धंद्यात मराठी, हिशेबात दोन्ही आणि 'अहो'च्या जागी कन्नडातलं 'री'. शहापुरात एका पिठाच्या गिरणीवर त्यांचा स्टुडिओ आहे. भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेत, दाराला गोधडी, आणि आत काचेपलीकडं माझी खोली, जिथं पंखा चालत नाही कारण तो माईकला ऐकू येतो. गिरणी सुरू झाली की आम्ही चहा पितो आणि गिरणी थांबली की मी बोलते. आमचं सगळं वेळापत्रक शहापूरच्या जोंधळ्यावर अवलंबून आहे.

मुंबईच्या एका कंपनीला एक जपानी कार्टून मालिका मोबाईलवर मराठीत आणायची होती. मोठे स्टुडिओ भरलेले, म्हणून कामं बाहेरगावी वाटली जात होती. बसूअण्णांनी हात मारला. न मरणाऱ्या बाईसाठी आवाज हवा होता. ऐकायला तरुण, पण आत काहीतरी गोठलेलं असा. मुंबईच्या केतकी मॅडमनी नमुने मागवले आणि बसूअण्णांनी घाईत हाताला लागली ती माझी एक फीत पाठवून दिली. ती होती "उद्या पाणीपुरवठा बंद राहील" ही. तेव्हा मला ताप होता. अंगात कणकण, घशात खवखव, कधी एकदा घरी जाऊन पडते असं झालेलं. ते ऐकून केतकी मॅडमचा फोन आला: "हाच आवाज. काय तटस्थपणा आहे, काय अलिप्तपणा."

बसूअण्णांनी मला ताप होता हे त्यांना सांगितलं नाही.

आता ती मालिका काय होती ते सांगते. एक मोठी नदी आणि नदीवर होडी चालवणारी एक बाई. कुठल्यातरी शापानं तिला मरण नाही. तिच्या होडीतून माणसं लहानपणी जातात, लग्न होऊन जातात, म्हातारी होऊन जातात, आणि ती आपली तशीच, काळेभोर केस आणि हातात वल्हं. ती कुणाचं नाव विचारत नाही. विचारलं की जीव जडतो आणि मग ते माणूस मरतं, हे तिला पुरतं कळून चुकलंय. तिचं जपानी नाव आमच्या जिभेवर बसेना. बसूअण्णा तिला आज्जी म्हणायला लागले आणि मग तेच पडलं.

डबिंग म्हणजे काय, तर समोर पडद्यावर ओठ हलतात आणि तेवढ्याच वेळात आपण आपल्या भाषेत बोलायचं. ओठ मिटले की आपणही मिटायचं. ऐकायला सोपं वाटतं. मी पहिल्या दिवशी हेडफोन चढवले, बांगड्या वाजू नयेत म्हणून कोपरापर्यंत सरकवून रबर लावलं आणि आज्जीचं पहिलं वाक्य म्हटलं: "माझं नाव विचारू नका."

काचेपलीकडं बसूअण्णांनी कपाळाला हात लावला. "आक्का, आज्जी होडी चालवायलीय. साड्या विकायली न्हाय."

पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. तीस वर्षांचं हसू आवाजात असं मुरलेलं, की आज्जीनं "परत जा" म्हटलं तरी "परत या" असं ऐकू येई. शिवाय मी प्रत्येक गोष्ट दोनदा म्हणायची. "होडी जाणार नाही, होडी जाणार नाही." बसूअण्णा म्हणाले, "एकदाच सांगा री. प्रवासी एकच हाय आणि त्यो होडीतच बसलाय."

त्याहून मोठी भानगड ओठांची. जपानी बाईचं वाक्य लांब आणि आमचं मराठी आखूड. आपलं बोलून संपलं तरी तिचे ओठ हलतच राहायचे. ती उरलेली जागा भरायची कशानं? मी भरली. "बस, बाळा." "घाबरू नको गं." "जेवून आलायस न्हवं?" आमच्याकडं माणूस दारात आलं की त्याला नात्यात ओढल्याशिवाय आत घेत नाहीत, तशी मी होडीत येणाऱ्या प्रत्येकाला बाळा, आण्णा, मावशी करत गेले. मला तर वाटत होतं मी कामात भर घालतेय.

केतकी मॅडमचा फोन आला. बाई गोड बोलायच्या, पण गोड बोलणाऱ्यांचीच भीती वाटते. "ताई, मला एक सांगा. ही बाई कुणाचं नाव विचारत नाही, बरोबर? कुणाला जवळ येऊ देत नाही. मग ती त्या दरोडेखोराला आण्णा का म्हणते?"

मी म्हटलं, "वयानं मोठा दिसतोय म्हणून."

"ताई, ती हजार वर्षांची आहे."

ते सगळं पुन्हा करायचं ठरलं. पुन्हा केलं त्यात दुसरंच विघ्न. एका भागात आज्जी रात्रभर नदीकाठी एकटी बसते. चित्रात धुकं, पाण्याचा आवाज आणि तिचा एक लांब श्वास, बस. तो श्वास मी झकास दिला. बसूअण्णांनी अंगठा दाखवला आणि फाईल मुंबईला गेली. दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, "ताई, नदीवर दुसरी कोण बाई आहे?" आम्ही कान लावून ऐकलं. आज्जीच्या त्या पवित्र शांततेत, लांबून, खालच्या रस्त्यावरून, मी ओरडत जात होते: "या, या, या, शेवटचे दोन दिवस."

बसूअण्णा हसून हसून खुर्चीवरून घसरले. मॅडम हसल्या नाहीत.

रडण्याचं वेगळंच. मला रडू फार लवकर येतं. शेजारच्या मुलीची पाठवणी असली तरी तिच्या आईच्या आधी माझा पदर डोळ्याला. आज्जीच्या होडीत एक पोरकी मुलगी रोज येऊन बसायची आणि अखंड बडबड करायची. आज्जी तिला हं सुद्धा म्हणत नसे. तो भाग बघताना माझं नाक वाहायला लागायचं आणि माईक असा मेला की नाकातलंही टिपतो. बसूअण्णांनी मॅडमना सांगितलं, आक्काला धुळीची ॲलर्जी आहे. गिरणीवर स्टुडिओ असल्यामुळं ते खपलं.

शेवटी मॅडमनी स्पष्ट सांगितलं. "ताई, तुमचा आवाज मला आवडतो. पण ही बाई तुम्हाला सापडत नाहीये. शेवटच्या भागातला निरोपाचा प्रसंग करून सोमवारपर्यंत पाठवा. तो जमला तर सगळे भाग तुमच्याकडून पुन्हा करून घेऊ. नाही जमला तर मी इथली एक मुलगी बघून ठेवली आहे."

तुम्ही म्हणाल, गेलं तर गेलं, सेल होतेच की. पण मला ते काम सोडवत नव्हतं आणि का ते सांगते. तीस वर्षं बोलले, पण रिक्षातला आवाज कुणी बसून ऐकत नाही. रिक्षा पुढं जाते, माणूस आपल्या भाजीकडं वळतो. माझं एक वाक्य या जगात कुणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं असेल असं मला वाटत नाही. नवरा तर मी बोलायला लागले की टीव्हीचा आवाज वाढवतो. म्हटलं, एकदा तरी कुणीतरी बसून ऐकावं. आणि ते मिळालं, तर न बोलणाऱ्या बाईच्या रूपानं. नशीब बघा.

तो निरोपाचा प्रसंग असा. ती बडबडी मुलगी म्हातारी झाली आहे. शेवटची नदी ओलांडून जाते आहे, आता परत येणार नाही, दोघींनाही ठाऊक आहे. पलीकडे होडी लागते. म्हातारी म्हणते, "येते मी." आणि आज्जी वल्ह्याकडं बघत म्हणते, "पायाखाली बघ." बस. एवढंच. सगळ्या मालिकेचा जीव त्या दोन शब्दांत आणि मी ते शंभर तऱ्हांनी म्हणून पाहिलं. कधी हुंदका यायचा, कधी सेल यायचा. थंड करायला गेले तर बसूअण्णा म्हणाले, "आता तुमी कंडक्टर वाटायलाय."

त्याच आठवड्यात भाऊ आणि वहिनी लग्नाला बाहेरगावी जाणार होते, म्हणून आईजवळ राहायला मला निपाणीला जावं लागलं. आई ऐंशीच्या पुढची. सगळं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. आमच्या गल्लीत दारोदार बायका मांडीवर सूप घेऊन बसायच्या. सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोरा. पान घ्यायचं, चिमूट पसरायची, वळायचं, टोक मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. हात चालू, बोलणं चालू आणि नजर सुपात. आता डोळ्यांमुळं ते काम सुटलंय, पण बोटं काही ऐकत नाहीत. हाताला लागेल ते वळते. एसटीची तिकिटं वळते, किराणा बांधून आलेला कागद वळते. वहिनीच्या डॉक्टरची चिठ्ठी एकदा अशी सुरेख वळून ठेवली होती, की औषधवाल्यानं ती उलगडायच्या आधी वास घेऊन बघितला.

मी पोचले तेव्हा आई उंबऱ्याशी सुपात जुन्या लुगड्याच्या चिंध्या घेऊन वळत बसली होती. मी समोर बसले आणि सगळं भडाभडा सांगितलं. ती बाई, ती होडी, तो सोमवार.

"आई, ती काय बोलतच न्हाय. आणि बोलली तर दगडागत. मला कसं जमायचं?"

"मग तू कशाला बोलतीस?" आई म्हणाली. नजर सुपात.

"अगं, तेच तर काम हाय. ती म्हातारी कायमची निघाली आणि ही नुसती म्हणती, पायाखाली बघ. असं असतं व्हय कुठं?"

"मग काय म्हणायचं असतं?"

हे तिनं असं म्हटलं, की जणू मी आमटीला किती मीठ घालू विचारलं होतं. ना वर बघणं, ना आवाजात चढउतार. बोटांत चिंधी वळली जात होती. आणि मला एकदम राग आला. आजचा नाही, जुना. लग्नानंतर मी पहिल्यांदा माहेरी येऊन परत सासरी निघाले तो दिवस आठवला. कामाचा वार होता, आई सूप घेऊन बसली होती. मी पाया पडायला वाकले. ती म्हणाली, "जा. एसटी चुकंल." मान वर केली नाही. मी संकेश्वर येईपर्यंत रडत होते आणि शेजारच्या बाईला सांगत होते, माझ्या आईला माझं काहीच नाही. पुढं कित्येक वर्षं हे गाऱ्हाणं मी ज्याला त्याला ऐकवलं. रागच होता मला तिचा, खोटं कशाला बोलू.

आणि ते आठवत असतानाच माझ्या कानांनी दुसरं काहीतरी ऐकलं. कान शेवटी धंद्याचे. "मग काय म्हणायचं असतं" यातला सूर मला ओळखीचा वाटला. हाच, हाच सूर मुंबईच्या बाई माझ्याकडं मागत होत्या. मी आईला म्हटलं, "आई, पुन्हा म्हण." आई म्हणाली, "येड लागलं काय तुला?" तेही त्याच सुरात.

निघताना मी आईचं एक जुनं सूप, दोरा आणि चिंध्या मागितल्या. तिनं कशाला म्हणून विचारलं नाही.

सोमवारी सकाळी मी सूप घेऊन स्टुडिओत शिरले तेव्हा बसूअण्णांना वाटलं मी खालच्या गिरणीत आलेय आणि चुकून वर चढलेय. मी मांडी घालून बसले, सूप घेतलं, चिंध्या वळायला लागले. "आक्का, हिथं काय विडीचा कारखाना काढायलाय?" म्हटलं, "माईक खाली घ्या. आणि मला बोलायला लावू नका."

अडचण एकच होती. नजर सुपात ठेवली तर पडद्यावरचे ओठ कोण बघणार? बोलायचं कधी हे कळणार कसं? खोलीचं दार बंद, बसूअण्णा काचेपलीकडं. हेडफोनमधून सांगितलं तर तेवढ्यानं माझी तंद्री मोडायची. शेवटी बसूअण्णांनीच तोड काढली. सुपातला दोरा माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधला, दाराखालून बाहेर नेला आणि टोक आपल्या हातात धरलं. आज्जीचे ओठ उघडले की ते दोरा ओढणार आणि मी बोलणार. बेळगावात एवढी इंजिनिअरिंग कॉलेजं, पण हे कुणी शिकवलं नसतं.

पहिल्यांदा त्यांनी दोरा एवढ्या जोरात ओढला, की आज्जी "पायाखाली" ऐवजी भलतंच काही बोलली. दुसऱ्यांदा गिरणी सुरू झाली. तिसऱ्या वेळी सगळं जुळलं. मी चिंधी घेतली, पसरली, वळली. अंगठ्याला हलका हिसका बसला.

"पायाखाली बघ."

ना बाळा आलं, ना गं आलं. हात कामात होते, त्यामुळं तोंडाला उगीच इकडंतिकडं फिरायला सवड मिळाली नाही. वर बघितलं तर बसूअण्णा दोरा हातात धरून नुसतेच बसले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि माईकवर म्हणाले, "धूळ लई हाय री आज."

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, "ताई, हीच ती. आता सगळे भाग असेच करायचे. पण मला सांगा, तुम्ही नक्की काय केलंत?" मी सांगायला तोंड उघडलं, तर बसूअण्णांनी फोन काढून घेतला. "मॅडम, आमच्याकडची एक जुनी पद्धत हाय," म्हणाले. अंगठ्याला दोरा बांधतो हे कंपनीला कळलं असतं तर पुढचं काम मिळालं असतं की नाही कोण जाणे.

पुढं गेल्या वर्षीचा अख्खा पावसाळा मी तो दोरा बांधून आज्जी बोलले. मालिका मोबाईलवर आली आणि पोरांनी डोक्यावर घेतली. कॉलेजच्या मुली मला शोधत शहापुरात आल्या. त्यांना काळेभोर केस आणि वल्हं हवं होतं, निघाली गुडघेदुखीची पट्टी बांधलेली मी. तरी सह्या घेऊन गेल्या. एक साडीवाले शेठ तर हट्टालाच पेटले, की यंदाचा सेल आज्जीच्या आवाजात पाहिजे. मी समजावलं, शेठ, ती बाई कुणाला या म्हणत नाही. ते म्हणाले, "तेच पाहिजे." मग केला: "साड्या आहेत. यायचं तर या." एकदाच, दोनदा नाही. बायका चिडून दुकानात आल्या, एवढा माज कसला ते बघायला. आल्यावर घेऊनही गेल्या.

हे सगळं फार दिवस टिकेल असं मी समजत नाही. हल्ली दुकानदार मोबाईलमध्ये चार ओळी लिहितात आणि मशीन बोलून देतं. मशीनला ताप येत नाही, नाक वाहत नाही, बांगड्या सरकवाव्या लागत नाहीत. पण मशीननं म्हशीचं रुसणं काय सांगायचं? परवा एका रिक्षात मशीनचा आवाज ऐकला. कन्नड आणि मराठी दोन्ही अगदी शुद्ध आणि दोन्ही कुठल्याच गावची नाहीत. मला वाईट वाटलं. कुणी मान वळवली नाही, हे बघून थोडं बरंही वाटलं, सांगून टाकते.

यंदा गौरीला मी माहेरी गेले होते. दुपारची भांडी आवरून वहिनीनं मोबाईल डब्याला टेकवून ठेवला आणि आईला म्हणाली, "आत्ती, ह्ये बघा, चित्रातली बाई." शेवटचा भाग होता. माझं नाव तिनं मुद्दाम काढलं नाही. आई सुपात चिंध्या वळत होती. डोळ्यांनी फारसं दिसत नाही, पण कान लावून बसली. मी दाराआड उभी. आईनं माझं बोलणं आजवर कधी शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं, अर्ध्यावरच "बास गं" म्हणायची.

बराच वेळ ऐकल्यावर ती वहिनीला म्हणाली, "बरी हाय ही. उगं तोंड वाजवत न्हाय."

वहिनीला हसू आवरेना. मी पुढं होऊन म्हटलं, "आई, त्यो आवाज माझा हाय."

"तुझा?"

"व्हय."

आईनं चिंधीचं टोक मुडपलं. "मग घरात काय हुतंय तुला?"

वहिनी पदर तोंडाला लावून आत पळाली, पण शेवटचा प्रसंग आला तशी परत येऊन बसली. होडी काठाला लागली. म्हातारी उतरायला उठली, "येते मी" म्हणाली. आज्जी वल्ह्याकडं बघत म्हणाली, "पायाखाली बघ." म्हातारी धुक्यात चालत गेली, होडी माघारी वळली आणि नुसता पाण्याचा आवाज राहिला. वहिनी डोळे पुसत म्हणाली, "काय बाई म्हणायची ही. एवढ्या वर्षांची वळख आणि एकदा मान वर करून बघितलं न्हाय."

आईच्या बोटांतली चिंधी अर्धवट वळलेली तशीच राहिली होती.

"वर बघितलं असतं तर हात चालला नसता तिचा," आई म्हणाली.

वहिनीला ते वल्ह्याबद्दल वाटलं. ती मोबाईल घेऊन आत गेली. आईनं सूप मांडीवरून खाली ठेवलं, मान वर केली आणि माझ्याकडं बघत राहिली. मी एक शब्द बोलले नाही.